दुमडीचा फ्रॉक

माझी धाकटी बहीण पुण्यात तान्ह्या बाळांच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी तयार करते. स्टेंट म्हणतात त्याला. जन्मतःच हृदयाजवळची वाहिनी अरुंद असलेल्या बाळाला तो घालायचा आणि बाळ वाढेल तसा आतून फुगा फुगवून रुंद करायचा, म्हणजे दरवेळी छाती उघडायला नको. अजून चाचण्याच चालू आहेत. मी नांदेडला नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर हृदय काढते आणि तास संपला की पुसते. जळफळाट होणार नाही तर काय?

डॉक्टर व्हायचं होतं ते मला. लातूरचा नावाजलेला क्लास मला लावला, खोली मला करून दिली, एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षाही मीच दिली. दोन्ही वेळा नंबर हुकला. धाकटी गावच्या शाळेत शिकली, तिचा अभ्यास कुणी विचारला नाही, आणि बाईसाहेब सरळ इंजिनिअरिंगला.

आई माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब, पथ्याची भाकरी, सगळं मी बघते. पण दारात भाजीवाली आली की आई सुरू होते, "माजी धाकली लेकरायच्या काळजातली जाळी करून राहिली, बग."

"आन् थोरली?"

"थोरली हाय की हितंच."

या 'हितंच'च्या पुढे आईनं माझ्याबद्दल एक तरी वाक्य बोलावं, एवढं मला फार वर्षांपासून हवं होतं.

दिवाळीला धाकटी आली ती नमुन्याचा एक स्टेंट घेऊन. आईच्या तळहातावर ठेवला. आईनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "एवढुसा?"

"वाढतो तो. आत दुमड घातलीय," ती म्हणाली. "तू फ्रॉकला घालायचीस तशी."

लहानपणी भूकंपात घर पडल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मदतीत आलेल्या कापडाचा आईनं मला फ्रॉक शिवला होता. वाढतं अंग आहे म्हणून खाली वीतभर दुमड घातली आणि दरवर्षी एकेक टीप उसवत गेली. धाकटीच्या अंगावर तो चढला तेव्हा घेरावर जुन्या टिपांचे नुसते पट्टे उरले होते.

"फ्रॉक माझा होता," मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

"तुझाच गं अक्का. माझ्यापर्यंत आला तेव्हा उसवायला काही शिल्लकच नव्हतं. मी लई जळायची तुझ्यावर. वाटायचं, आपल्याला एकदा तरी दुमडीचं काही मिळावं."

म्हणजे जळण्यातसुद्धा ती माझ्या पुढे. तिच्या जळण्यातून स्टेंट निघाला, माझ्यातून नुसतं पित्त. मी फराळाची ताटं करायला आत गेले आणि चकल्या तिच्या ताटात मुद्दाम मोडक्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली आली. आईनं तिला सगळं रंगवून सांगितलं, दुमडीसकट. मी दाराआड उभी होते.

"आन् थोरली?" भाजीवालीनं मेथीची जुडी पुढे करत विचारलं.

आईनं जुडी हातात घेतली. "थोरलीचाच व्हता की त्यो फ्रॉक," ती म्हणाली. "लई चांगलं कापड व्हतं."