दहा मापटी, सव्वा पायली

भीती वाटली की मी आधी चिडते. त्या दुपारी मी कॉम्प्युटरवर चिडले होते, आणि शेजारच्या खोलीत स्ट्रेचरवर माझे वडील होते.

कळंबच्या एका स्कॅन सेंटरवर मी तंत्रज्ञ आहे. अण्णा बाजारातले मापाडी. धान्य मोजून देण्यात त्यांचा जन्म गेला. आता वजनकाटे आले, तरी पोती मोजताना ते ‘एक’ कधीच म्हणत नाहीत. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की बरकत जाते, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी थप्पीवर चढून ते मोजत होते, पाय सटकला आणि डोकं फरशीवर आपटलं. सेंटरवर आणेपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली होती.

स्कॅन मीच केला. रिपोर्ट देणं माझं काम नाही, पण इतकी वर्षं बघून डोळ्यांना कळतंच. कवटीच्या आत डाव्या बाजूला साठलेल्या रक्ताचा पांढरा डाग दिसला.

लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “सगळा स्कॅन पाठवा. बघून सांगतो, इकडं आणायचं की हलवायचंच नाही. पंधरा मिनिटांनी मी दुसऱ्या ऑपरेशनला आत जातोय. मग तीन तास फोन घेणार नाही. आणि त्यांना झोपू देऊ नका.”

स्कॅनची फाइल सहाशे एमबीची. आमची इंटरनेटची लाइन सेकंदाला दहाची. सहाशेला दहानं भागलं, साठ सेकंद. “एका मिनिटात पाठवते सर,” असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले. रोज मी फाइल लावून चहाला जाते, किती वेळ लागतो ते कधी बघितलंच नव्हतं.

एक मिनिट झालं. दीड झालं. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं, किती गेलं ते दाखवायची त्याची पद्धतच नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात वेग दिसत होता: सव्वा. दहाच्या जागी सव्वा! लाइन मेली, असं मी धरलं. दोन मिनिटं होताच फाइल थांबवली, राउटर बंद करून चालू केला, पुन्हा पहिल्यापासून लावली.

पुन्हा सव्वा. लाइनवाल्याला फोन केला, त्याला वाट्टेल तसं बोलले. तो म्हणत होता, “ताई, लाइन चांगलीय.” मी फोन आपटला. तीन मिनिटांनी दुसऱ्यांदाही थांबवली. थांबवली की सगळं शून्यावर येतं, हे मला माहीत होतं, तरी थांबवली. घड्याळाकडं बघायचीही भीती वाटत होती.

मधलं दार उघडं होतं. आई अण्णांना जागं ठेवत होती, धान्याच्या जुन्या मापांचं तिला सुचेल ते विचारून.

“अवं, डोळं मिटू नगा. मणाच्या पायल्या किती?”

“सोळा.”

“आन् पायलीची मापटी?”

उत्तर आलं नाही. मी खुर्चीतून अर्धी उठले. आईनं पुन्हा विचारलं, आता तिचा आवाज चिरकला होता.

“आठ,” अण्णा जड जिभेनं म्हणाले. “एवढं बी ठावं न्हाय व्हय तुला?”

आठ. मी तशीच उभी राहिले. आठ बिटांचा एक बाइट, हे कोर्सला घोकून घोकून पाठ केलं होतं. लाइनचा वेग सांगतात बिटांत, फाइल मोजतात बाइटांत, आणि कोपऱ्यातला आकडाही बाइटांतला. दहा मापटी म्हणजे सव्वा पायली. लाइन पहिल्यापासून ठणठणीत होती. मापट्याच्या आकड्यानं पायल्या मोजल्या होत्या मी, मापाड्याच्या लेकीनं.

म्हणजे लागणार आठ मिनिटं. घड्याळ बघितलं, उरली होती नऊ.

फाइल लावली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून. मधेच आतून आवाज येईनासा झाला. उठून बघायचं माझं धाडस झालं नाही. त्या आठ मिनिटांइतकी मी आयुष्यात कधीच भ्याले नाही, आणि पंधरातली सहा मी स्वतःच्या हातानं आधी मातीत घातली होती.

फाइल गेली. फोन वाजला. “ताबडतोब आणा. आत्ताचं ऑपरेशन पुढं ढकलतो.”

लातूरच्या वाटेवर अण्णांनी बोलणं सोडलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. सिस्टरनं त्यांच्यासमोर एक बोट धरलं.

“आजोबा, किती?”

अण्णा बोटाकडं बघत राहिले. ओठ हलले.

“लाभ.”

सिस्टरचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, “अजून भ्रम आहे त्यांना.” आईनं पदर तोंडात कोंबला होता. मला हसू येत होतं की रडू, कळेना.

“नाही सिस्टर,” मी म्हणाले, “बरोबर मोजलंय. आता दोन दाखवा.”