गाण्यांची वर्गणी

मुलांनो, परवा तुम्ही इंटरनेटवरून उतरवलेला धाकट्या आजोबांचा अभंग मला फोनवर ऐकवलात. "फुकट मिळाला, आजी!" म्हणालात. तुमचा दोष नाही. पण त्या फुकटामागचं तुम्हाला ठाऊक असावं, आणि ते स्वतः कधी सांगणार नाहीत. मलाही हल्ली फार वेळ बसून लिहवत नाही, म्हणून आजच लिहिते.

माझे हे धाकटे दीर भजनीबुवा. जत्रांतून त्यांच्या कॅसेटी खपत, त्यावर घर चाले. मग वेंगुर्ल्यात घरोघर इंटरनेटची जोडणी देणारा एकजण आला आणि गाणी कॉम्प्युटरवरून फिरू लागली. कॅसेटी पडून राहिल्या.

"वयनी, माजो आवाज अमेरिकेक पोचलो," दीर म्हणाले, "माका मात्र कुडाळचा तिकीट परवडणा नाय."

मला उपाय सरळ वाटला. जत्रेच्या दशावतारासाठी आपल्याकडे दर घर वर्गणी देतं. मग नाटक बघा नाहीतर झोपा. तशीच इंटरनेटच्या मासिक बिलात थोडी वर्गणी घालावी, गाणी खुशाल वाटू द्यावीत, आणि ज्याचं गाणं जितकं उतरवलं जाईल तितका त्याला वाटा. जोडणीवाला म्हणाला, "काकी, सगळे बुवा हो म्हणाले तर घालतो."

देवळात आमच्या भजनी मंडळाच्या सगळ्या बुवांची बैठक झाली. जोडणीवाल्याने कुणाची गाणी किती उतरवली जातात ते सांगितलं. दीर सर्वांत वर, मानकऱ्यांच्या घरातले थोरले बुवा सर्वांत खाली.

थोरले बुवा उठले. "मानाचो नारळ काय कोण किती ऐकता ता बघून देतत? पयलो वाटो आमचो."

"भावजी, बोला काहीतरी," मी दिरांना म्हटलं.

"बुवांच्या आधी मी हात फुडे करूचंय नाय."

"मग मोठा वाटा बुवांनाच द्या," मी म्हटलं.

"नाव तळाक आणि वाटो वयलो? भीक नको माका," थोरले बुवा म्हणाले.

चहा आला. तो पिऊन सगळे उठले. नंतर मी दोघांच्याही घरी जाऊन आले. दोन्हीकडे सरबत मिळालं, होकार नाही. पुढे माझेच पाय थकले.

दीर काजूच्या कारखान्यात राखणीला लागले. तिथल्या धुराने आवाज बसला तो बसलाच. मंडळ मात्र मोडलं नाही. एकादशीला अजून भजन होतं, आणि दीर मागच्या रांगेत बसून टाळ वाजवतात.