दोन सूर्यांच्या ग्रहावरची रात्र

माझा मामा परग्रहावरच्या कादंबऱ्या लिहायचा. कुणाशी ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे लहान मुलांसाठी का?" मामा हसून मान डोलवायचा. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

दिवसभर वीज कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकून तो घरी यायचा, चहा घ्यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसायचा. त्याचा ग्रह एकच, दोन सूर्यांचा. एक मावळायच्या आत दुसरा उगवायचा, त्यामुळे तिथे रात्र कधी होतच नसे. पहिली गोष्ट एका मासिकात आली आणि मग नोकरी सांभाळून त्याने त्याच ग्रहावर सहा कादंबऱ्या लिहिल्या. पुरस्कार म्हणाल तर औषधालाही नाही.

लिहिलेलं प्रत्येक पान तो मामीला वाचून दाखवायचा. मामीला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाजी चिरता चिरता ती त्याला भंडावून सोडायची. "अंधारच पडत नाही, मग पोरांना झोपवतात कसं?" "एवढ्या उन्हात दूध नासत नाही का हो?"

"तुला गोष्ट ऐकायचीय की दूध विकायचंय?" मामा चिडायचा. मग थोड्या वेळाने गुपचूप ते पान फाडून नव्याने लिहायला घ्यायचा. त्या दुधापायी त्याने ग्रहाच्या पोटात अख्खी थंडगार तळघरं खणली. वाचकांना तीच सगळ्यात जास्त आवडली.

मामी गेली. सातवी कादंबरी त्याने एकट्यानेच लिहिली. छापून आली तेव्हा चाळता चाळता तो एका पानाशी अडकला आणि त्याने मला फोन केला.

"अगं, मी ग्रहावर रात्र पाडून ठेवलीय! नायिका दिवा लावून बापाची वाट बघत बसलीय."

"मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर."

"करीन की. आधी कुणीतरी ओरडू तर दे."

पूर्वी सावली चुकीच्या बाजूला पडली तरी वाचक त्याला फैलावर घ्यायचे. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. संपादकाच्या नजरेतून ते सुटलंच होतं, पण एका समीक्षकाने तर कहर केला. त्या दिव्याचा प्रसंग काळजाला हात घालतो, असं त्याने लिहिलं. मी भडकले. मामाने ते वाचून नुसता चष्मा पुसला.

मग एका वाचनालयात त्याचा कार्यक्रम झाला. त्याने मुद्दाम तेच पान वाचलं आणि आशेने समोर पाहिलं. टाळ्या पडल्या. एकाने उठून विचारलं, "तुम्हाला इतक्या कल्पना सुचतात तरी कुठून?"

"एकानेही विचारलं नाही गं," परतताना तो म्हणाला. एवढं एकटं मी त्याला मामीच्या मागे घर आवरतानाही पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही.

"मामा, यापुढचं मला वाचून दाखव. मी येत जाईन रविवारी."

रविवारी गेले तर टेबल पुसून लख्ख केलेलं, माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवलेली, चहा तयार. आठव्या कादंबरीचं पहिलं पान त्याने वाचलं. आवाज अजून खणखणीत होता.

"छान आहे," मी म्हटलं.

त्याने दुसरं वाचलं.

"फारच छान."

तिसरं पान अर्ध्यावर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "छान नको म्हणूस गं. काहीतरी विचार."

पेनचं टोपण काढून तो थांबला. मी पानाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. विचारण्यासारखं मला काही म्हणजे काही सुचेना.