सुमनबाईचा डबा आणि कंपनीची क्रूझ

कृषी केंद्रवाले चार जण एका जागी बसले की किस्से आपोआप निघतात. कोणाच्या गिऱ्हाइकानं तणनाशक सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर मारलं, कोणाच्या दुकानात माकड शिरलं अन् सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी खाऊन गेलं! एकानं एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. या घोळक्यात बाई मी एकटीच. त्यामुळे चहाचा दुसरा फेरा आला की सगळे माझ्याकडे वळतात, "वहिनी, ते क्रूझचं सांगा."

आणि सांगायला बसले की माझं डोकं आजही तापतं. आधीच सांगून ठेवते, यात जहाज नाही, समुद्र नाही. जे झालं ते सगळं जहाजावर चढायच्या आधी झालं.

*

ते बोंडअळीचं वर्ष होतं. तशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची त्याआधीची वर्षंही काही गोड नव्हती. पण त्या वर्षी ज्या बियाण्याला अळी लागतच नाही असं पाकिटावर छापलं होतं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी शिरली. आणि कंपनीनं नेमकी त्याच हंगामात डीलर लोकांना मुंबईहून क्रूझ जाहीर केली! हिशोब सोपा आहे. पाकिटं जूनमध्ये विकली जातात, अळी दिवाळीच्या सुमारास दिसते. बक्षीस पाकिटावर असतं, पिकावर नसतं.

कंपनीचे एरिया मॅनेजर राऊतसाहेब पेढे घेऊन माझ्या बाभुळगावच्या दुकानात आले.

"वहिनी, अभिनंदन! मिस्टरांना सांगा, बॅग भरा म्हणावं."

"मिस्टरांना कायले?" मी विचारलं.

"नाही म्हणजे, टूर आहे ना डीलरची."

माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. दुकानाचं लायसन माझ्या नावावर, काउंटरला मी, खताच्या गाडीपाशी उभी मी. राऊतसाहेब तीन वर्षांपासून माझ्या हातचा चहा पीत होते.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचं बियाणं खपवायच्या वेळेस तुम्ही शाळेत गेलता का?"

राऊतसाहेबांनी पेढ्यांचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "तसं नाही वहिनी, जहाजावर डान्सबिन्स असतो."

म्हटलं, मग तर मिस्टरांना मुळीच पाठवत नाही!

*

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी सुमनबाई दुकानात आली. घरची शेती ती स्वतः पाहते, आणि त्या वर्षी बियाणं तिनं माझ्या शब्दावर घेतलं होतं. आमच्याकडे कापूस वेचायला सुरुवात करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. सुमनबाईनं सीतादही केलं, पहिला वेचा बरा निघाला, आणि पुढची बोंडं पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावरच थिजून गेली. फुटेनातच.

ज्या स्टीलच्या डब्यात दहीभात नेला होता त्याच डब्यात तिनं ती बोंडं भरून आणली होती.

"ताई, बोंड वरून पाहा, कसं चांगलं दिसते. अन् फोडून पाहा."

मी फोडलं. आत पिवळी पडलेली रुई आणि तिच्यात गुलाबी अळी, आरामात बसलेली!

"तुमी साहेबलोकाईत चालल्या न? त्याईले दाखवजा," सुमनबाई म्हणाली. "म्हणा, एक माणूस वावरात पाठवा. पऱ्हाटी उपटाच्या आधी पाहून तं घ्या म्हणा. उपटल्यावर कोणाले काय दाखवू मी?"

मी डबा घेतला. पायरी उतरता उतरता ती वळली.

"अन् डबा आठवणीनं आणजा. रिकामा डबा परत देत नसतात, ठाऊक हाय न तुमाले?"

साखर नाही तर निदान चिमूटभर मीठ तरी घालून डबा परत करतात, हे मला कोणी शिकवायला नको. पण या डब्यात मी काय घालून आणणार होते? रात्री राऊतसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, मोठे साहेब जहाजावर येणार नाहीत. जहाज निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलात त्यांचं भाषण आहे, ते झालं की लगेच जाणार. म्हणजे विमानतळावरून हॉटेलात वेळेवर पोचलो तरच डबा त्यांच्यापुढे जाणार होता.

*

नागपूरच्या विमानतळावर पहिला गोंधळ. कंपनीनं तिकिटं काढली ती दुकानाच्या लायसनवरच्या नावानं. आता आमच्या धंद्यात लायसन कोणाच्या नावावर अन् दुकानात बसतं कोण, याचा काही मेळ असतो का? केळापूरच्या बंडूभाऊंचं लायसन बायकोच्या नावावर. त्यामुळे हा मिशीवाला सहा फुटी माणूस काउंटरपुढे उभा, आणि तिकिटावर नाव, शांताबाई!

काउंटरवरच्या मुलीनं तिकीट पाहिलं, मिशी पाहिली.

"सर, मॅडम कुठे आहेत?"

"मॅडम घरी भाकरी थापून राह्यली," बंडूभाऊ म्हणाले. "दुकान मी चालवतो."

राऊतसाहेबांनी पळापळ करून दुसरं तिकीट काढलं. पण गळ्यात अडकवायचे बिल्ले कंपनीतूनच छापून आले होते. बंडूभाऊंच्या छातीवर ठळक अक्षरांत 'शांताबाई'! मग काय, सगळे सुटले. "शांताबाई, इकडं या!" "शांताबाई, पदर सांभाळा!" बंडूभाऊ असे चिडले की म्हणाले, "आता कोणी शांताबाई म्हटलं तं इथंच आडवा करीन!" आणि बिल्ला उलटा करून शर्टाच्या आत टाकला.

त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. राऊतसाहेब धरायला गेले तर हात झटकला. म्हटलं, बाटली असणार. घरी शांताबाई भाकरी थापून राहिली आणि हा बाप्पा बाटली मिरवत जहाजावर चालला!

*

मारेगावच्या वसंताचं लायसन वडिलांच्या नावावर. वडील जाऊन दोन पावसाळे झालेले, कागद बदलायचे राहिले होते. त्याचंही तिकीट नवीन काढलं, पण राऊतसाहेबांनी सगळ्या ग्रुपचं चेक-इन घरबसल्या आधीच करून ठेवलं होतं. आम्ही गेटवर बसलो असताना स्पीकरवर वसंताच्या वडिलांचं नाव आलं. श्रीयुत अमुक तमुक यांना अंतिम सूचना, त्यांनी त्वरित गेटवर यावं!

एकदा झालं, दोनदा झालं. वसंता उठून उभा राहिला. आम्हाला वाटलं सांगायला चालला. तर त्यानं चपला काढल्या आणि स्पीकरकडे तोंड करून हात जोडले.

"वहिनी," म्हणाला, "माह्या बापाले जितेपणी कोणी श्रीयुत म्हटलं नाही हो."

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. माणूस मेला हे कंपनीला ठाऊक नाही, पण त्याच्या नावावर पाकिटं किती खपली ते बरोबर ठाऊक!

*

त्याआधी, गेटवर पोचायच्या अगोदर, सिक्युरिटीवाल्यानं माझा डबा बाजूला काढला होता.

"इसमें क्या है?"

"कपास."

त्यानं झाकण उघडलं, एक बोंड दाबलं. अळी त्याच्या रबरी हातमोज्यावर आली.

"अरे, इसमें तो कीड़ा है!"

"हां भैया," मी म्हटलं, "उसका टिकट कंपनीने नहीं निकाला."

मागे रांग खोळंबली. शेजारी बंडूभाऊंचीही पिशवी उघडायला घेतली होती, ते हळू आवाजात काहीतरी समजावत होते. माझं लक्ष डब्यात. शेवटी त्या जवानानं झाकण घट्ट लावून डबा माझ्या हातात दिला.

"ले जाइए माताजी. लेकिन ऊपर मत खोलना."

*

मुंबईत उतरलो तर बाहेर कंपनीची एसी बस. बसमध्ये गाईड म्हणून एक पोरगी, हातात माइक. "वेलकम टू मुंबई! कुठून आलात सगळे?"

"यवतमाळ!"

"ओह, यवतमाळ!" तिनं चेहरा एकदम पडेल केला. "म्हणजे तिकडे ते सुसाईड वगैरे होतात ना?"

वगैरे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हो," मी म्हटलं. "आणि तुमच्या अंगातल्या कुर्त्याचा कापूसही तिकडेच होतो. वगैरे."

तिनं माइक बंद केला. पुढे सिग्नलला बस जी अडकली ती अडकलीच. मी सारखी राऊतसाहेबांना विचारत होते, भाषण सुरू झालं का? ते म्हणत होते, "वहिनी, एन्जॉय करा ना!" कशीबशी बस निघाली, तोच बंडूभाऊ ओरडले, "थांबवा!"

त्यांना खर्रा पाहिजे होता. आमच्याकडे सुपारी-तंबाखू-चुना घोटून देतात तो. पानवाल्याला खर्रा माहीतच नाही! तो म्हणे मावा घ्या, हे म्हणे मावा नाही, खर्रा. खिडकीतून मला दिसत होतं, बंडूभाऊ भर रस्त्यात त्याला तळहातावर घोटून दाखवत होते. आणि त्यांना पाहून आणखी चौघे उतरले!

मग मात्र मी खाली उतरले. "लाज वाटते का? वावरात पऱ्हाटी उभी वाळून राह्यली अन् तुमाले खर्रा पाहिजे? तिथं साहेब निघून गेला तं मी त्या बाईले काय तोंड दाखवू?"

चौघे मुकाट बसमध्ये चढले. बंडूभाऊ पिशवी छातीशी धरून नुसते म्हणाले, "चाला वहिनी." मी म्हटलं, या माणसाशी आता जन्मात बोलायचं नाही.

*

हॉटेलच्या काउंटरवर मुलीनं गोड हसून चावी दिली. "मॅडम, तुमचं ट्विन शेअरिंग आहे. तुमच्या रूममेट, शांताबाई."

मी मागे वळले. बंडूभाऊ इतके लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते. "मी खाली सोफ्यावर झोपतो," ते म्हणाले, "वहिनीले द्या खोली." एरवी मी यावर तासभर हसले असते. पण हॉलमधून टाळ्यांचा आवाज येत होता. सामान तिथेच टाकलं, डबा उचलला आणि पळाले. आमची बाकी मंडळी मागून आली, जेवणाच्या ताटांकडे बघत!

*

मोठे साहेब मंचावर होते, मागे पडद्यावर हिरवंगार शेत. "आपल्या वाणाला शेतकऱ्यांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं आहे!" टाळ्या. मग साहेब खाली उतरून पहिल्या टेबलावर ताट घेऊन बसले. राऊतसाहेब माझी वाट अडवायला आले, मी त्यांना बाजूला सारलं आणि डबा साहेबांपुढे ठेवला.

"बाभुळगावहून आणलं साहेब. तुमच्याच वाणाचं."

साहेबांनी एक बोंड उचललं. वरून अगदी धडधाकट. "वा! काय टपोरं बोंड आहे! फोटोग्राफर कुठे आहे?" बोंड हातात घेऊन साहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याही लोकांनी!

"आता फोडा साहेब," मी म्हटलं.

ते नुसते हसले. मग मीच त्यांच्या हातातून घेतलं आणि त्यांच्या ताटावर धरून दोन्ही तळव्यांत दाबलं. अळी बरोबर पनीरशेजारी पडली. टाळ्या थांबल्या.

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. रुमालानं बोटं पुसली, आणि म्हणाले, "मॅडम, ही अळी आमची नाही."

"बरोबर आहे. अळी बाभुळगावची. बियाणं तुमचं." मी डबा त्यांच्याकडे आणखी सरकवला. "जास्त काही मागत नाही. तुमचा माणूस वावरात पाठवा. पऱ्हाटी उपटायच्या आधी."

"हे बघा, एका डब्यावरून कंपनी माणसं पाठवत नसते. तुमच्या भागाची काहीतरी स्थानिक अडचण असेल." साहेबांनी मान उंच करून सगळ्या हॉलवर नजर फिरवली. "आणखी कुणाची तक्रार आहे?"

तक्रार करणाऱ्याला पुढच्या हंगामात माल किती मिळतो, ते तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. सगळ्यांच्या माना ताटात. वसंता वरणात उगाच चमचा फिरवत होता. साहेबांचा राग मला आला नाही इतका त्या खाली घातलेल्या मानांचा आला. म्हटलं, एवढी मोठी माणसं, आणि कुलूप नसलेलं एकही तोंड नाही! मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बंडूभाऊ टेबलांच्या मधून चालत आले. कापडी पिशवीतून त्यांनी कंपनीचंच बियाण्याचं मोठं रिकामं पाकीट काढलं आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर पालथं केलं. बोंडांचा ढीग पडला. काही गडगडत साहेबांच्या मांडीवर गेली.

"केळापूर," बंडूभाऊ म्हणाले.

"बंडूभाऊ, खाली बसा," राऊतसाहेब दातओठ खात पुटपुटले. "लायसनचा तरी विचार करा."

साहेबांनी मांडीवरचं बोंड दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. "आपलं नाव काय?"

बंडूभाऊंनी शर्टात हात घातला, बिल्ला बाहेर काढला, सरळ केला आणि छातीवर नीट बसवला.

"शांताबाई."