विहिरीच्या काठावरची डोकी

दलसिंगचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन चढलं की विहिरीच्या तळाशी हवा जड होते, सुरुंगाचा धूर लवकर निघत नाही. म्हणून उजाडायच्या आत खाली असायचं, ही त्याची शिस्त. चहा उभ्यानेच प्यायचा. मग दोर हाताने इंच-इंच चाचपायचा. काल संध्याकाळी चाचपलेला असला तरी पुन्हा. मी यारीवर होतो. यारी म्हणजे तळातला दगड वर ओढणारं यंत्र. अकरा उन्हाळे मी त्याला खाली सोडलं आणि वर ओढलं. दोर न चाचपता तो उतरला, असा एक दिवस मला आठवत नाही.

तो अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला पावरा आदिवासी. होळी झाली की बायको कमलीबाईला घेऊन खाली यायचा आणि पाऊस लागेपर्यंत कोरीटच्या शिवारात विहिरी खोल करायचा. अंगाने बारीक. कामात बोलणं नाही. भरलेली पाटी दोराला अडकवून एक झटका द्यायचा, तेवढ्यावर मी ओढायचो.

विहिरी खोदणाऱ्याकडे आणखी एक काम येतं. कुणी विहिरीत पडून बुडालं की गाव आधी पोलीस पाटलाकडे जातं, मग आमच्याकडे. शहरातून माणसं येईपर्यंत दुपार होते. दलसिंग कधी नाही म्हणायचा नाही, आणि या कामाचे पैसेही घ्यायचा नाही. मेलेल्याच्या घरून गरम पाण्याची एक बादली आणि कडुलिंबाचा पाला, एवढंच घ्यायचा.

त्याची रीत ठरलेली होती. उतरण्याआधी विचारायचा, "काय नाव शे?" घरच्याच माणसाने सांगायचं, दुसऱ्याने नाही. खाली गेल्यावर ते नाव घ्यायचा आणि आपल्या बोलीत म्हणायचा, चल, घरी जाऊ. मग पहिलं काम चेहऱ्यावर फडकं. डोक्यामागे दोन गाठी. गाठी बोटांनीच मारायचा, नजर दुसरीकडे. नंतर काखेतून दोर, आणि दोराखाली गोणपाट, अंगावर वळ उठू नये म्हणून. मेलेल्याला वळाचं काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "त्याले माय धुई ना."

गेल्या वर्षी मार्चमध्ये कोरीटची चारुलता गेली. नवनीत पाटलाची बायको, वय तीस. मोटार पाणी का उचलत नाही ते बघायला वाकली आणि पाय सटकला. शेतातल्या दोन बायांनी समोर पाहिलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

भाग्येश आमच्या आधी पोचला. नंदुरबारचा पोरगा, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. चारुलता अजून पाण्यात होती, तेव्हा त्याची बातमी निघाली होती: विवाहितेचा मृत्यू, घात की आत्महत्या? बातमीच्या मागे ढोलासारखं संगीत. ती बातमी बघून आजूबाजूच्या गावांतून मोटारसायकली आल्या. दहा वाजता काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. कडेची माती सुटून खाली दलसिंगच्या डोक्यावर पडत होती. वरून ओरडा, लवकर, लवकर. भाग्येश पालथा पडून काठीला बांधलेला मोबाईल आत सोडत होता.

माती पडतेय म्हणून दलसिंगने घाई केली. फडक्याला एकच गाठ मारली. अर्ध्यावर आल्यावर ओलं फडकं घसरलं. मी यारीवर होतो, हात सोडता येत नव्हता. जमेल तितकं जोरात ओढलं. काठावरच्या एकानेही मान वळवली नाही.

चारुलताची आई गजराबाई नवापूरहून निघाली होती. लेकीचा पाय मोडला, एवढंच तिला फोनवर सांगितलं होतं. एसटीत शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर तिला लेकीचा चेहरा दिसला.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या कामावर आली. पदर नीट घेतला आणि विचारलं, "दलसिंगभाऊ, फडकं कसं सुटनं?"

दलसिंग जमिनीकडे बघत उभा राहिला. ती थोडा वेळ थांबली, मग गेली.

त्यानंतर तो मेलेल्यासाठी उतरला नाही. खोदायला उतरायचा, त्या कामाला नाही. त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत दोन माणसं बुडाली. दोन्ही गळ टाकून काढली. गळ म्हणजे तीन आकड्यांचं लोखंड. ते कुठे अडकेल ते सांगता येत नाही. मी ती दोन्ही माणसं वर आलेली पाहिली. दलसिंगने पाहिली नाहीत, पण त्याला कळलं होतं. त्या दोन्ही दिवशी तो जेवला नाही.

यंदा एप्रिलमध्ये नंदुरबारच्या टॉकीजला एक सिनेमा लागला. नाव कुणी घेत नव्हतं, सगळे बातमीवाल्याचा पिच्चर म्हणायचे. भाग्येश आमच्या विहिरीवर पास घेऊन आला.

"दलसिंगभाऊ, चाल. आपला धंदावर पिच्चर लागेल शे."

"मन्हा धंदा खोदाना शे."

"आरे चाल ना भो. आख्खी लाईन मन्ही शे. तिकीट मन्हं, समोसा बी मन्हा."

आमच्यातला उखा म्हणाला, "समोसा खाताना शूटिंग करशी का?" सगळे हसले. भाग्येशही हसला.

दलसिंग हसला नाही. त्याने विचारलं, "पिच्चरमा मरेल मानूस वर काढतस का?"

"तीन डाव काढतस."

"मंग मी येस."

दुसरे फडकं कसं बांधतात, ते त्याला बघायचं होतं. मला त्याने जाताना सांगितलं.

तीनचा खेळ. टॉकीज भरलेली. सिनेमातला बातमीवाला पोलिसांच्या आधी अपघातावर पोचतो. आधी नुसता फोटो काढतो. मग मेलेल्याचं तोंड उजेडाकडे वळवतो. पुढे मेलेला मिळाला नाही, तर तो जिवंत माणसाला मरणाच्या जागेपर्यंत आणून सोडतो.

पहिलं प्रेत नदीतून काढलं. दलसिंग पुढे वाकून बघत होता. म्हणाला, "कमरेले दोर. मानूस उलटा व्हई." फडकं नव्हतंच. तो मागे टेकून बसला. त्याचं काम संपलं होतं.

बातमीवाला पोलिसांच्या आधी पोचला की लोक शिट्ट्या मारत होते. त्याने मेलेल्याची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे फिरवली, तेव्हा हशा झाला. आमच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आजून जवळ ले."

कोण बोललं ते बघायला दलसिंग वळला. आणि वळलेलाच राहिला. पुढे उभाच राहिला, पडद्याकडे पाठ करून.

"खाले बस ना, काका. दिखत नही."

एकाने शेंगेचं टरफल मारलं. ते त्याच्या कानाला लागलं. मी त्याचा सदरा ओढला. तो माझ्या कानाशी वाकला. "नथ्थूभाऊ, मागे देख."

विहिरीच्या तळातून वर बघितलं की आभाळाचा गोल दिसतो, आणि त्या गोलाच्या कडेने डोकी. आभाळ पांढरं, म्हणून डोकी काळी. चेहरे दिसत नाहीत. माझ्या आधीपासून, वीस वर्षं दलसिंग खालून ती डोकी बघत होता. वरची माणसं रडत असतील, असं तो धरून चालला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं.

टॉकीजमध्ये उजेड समोरून पडत होता. सगळे चेहरे दिसत होते.

ते वाईट नव्हते. ओळखीचे होते बरेच. तोंडं थोडी उघडी, घास भरवताना लेकरू उघडतं तशी. एका माणसाचा शेंगदाणे धरलेला हात तोंडापर्यंत येऊन थांबला होता, आणि तो तिथेच होता. पडद्यावर निळा उजेड झाला, सगळे निळे. लाल झाला, सगळे लाल. चेहऱ्यात फरक नाही. मागे पडद्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला, तशा सगळ्या हनुवट्या एकाच वेळी पुढे आल्या, सारख्याच अंतराने. जसा एकच दोर सगळ्यांना बांधलेला आहे.

आमच्या मागे तिसऱ्या रांगेत गजराबाई होती. भाची रंजिता तिला घेऊन आली होती. तुमच्या लेकीचं ज्यांनी असं केलं त्यांच्यावर सिनेमा आहे, असं कुणी सांगितलं म्हणून. तिचीही हनुवटी पुढे आलेली होती. तोंड थोडं उघडं.

दलसिंग खाली बसला. शेवटपर्यंत गुडघ्यांकडे बघत राहिला.

शेवटी बातमीवाला स्वतःच गाडीखाली मरतो, आणि त्याचाच हाताखालचा माणूस कॅमेरा त्याच्या तोंडावर धरतो. तिथे टॉकीजमध्ये आवाज नव्हता. शिट्टी नाही, खोकला नाही. मग पुढच्या रांगेत एक मोबाईल वर आला. मग चार. मग सगळीकडून. पडद्यावरचा मेलेला चेहरा शंभर छोट्या पडद्यांवर दिसू लागला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भाग्येशचाही हात वर होता.

दिवे लागले. लोक मांडीवरची टरफलं झाडत उठले.

पायऱ्यांवर गर्दी होती. कुणी म्हणत होतं, "भारी शे." कुणी म्हणत होतं, "हाई बातमीवाला लोके आसाच ऱ्हातस. हलकट." भाग्येश बाजूलाच होता, मान डोलवत होता. मग त्याने खिशातून माईक काढला आणि फाटकाशी उभा राहून लोकांना विचारू लागला, पिच्चर कसा वाटना. माईक समोर आला की सगळे शाळेतली मराठी बोलत होते. "समाजाचे डोळे उघडणारा चित्रपट आहे." "मृतदेहाचा सन्मान झाला पाहिजे." एकाने हे बोलताना केस नीट केले. मघाशी ज्याचा शेंगदाण्याचा हात थांबला होता, तोच तो.

भाग्येशने माईक गजराबाईपुढे धरला. त्याने तिला ओळखलं नव्हतं. त्याने लेकीला पाहिलं होतं, आईला कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, पिच्चर कसा वाटना?"

गजराबाई माईककडे बघत म्हणाली, "मन्ही पोरले लोकेस्नी आसंच देखं व्हई. मी बी आज तसंच देखं."

"मावशी, जरा मोठ्याने बोला. आवाज येत नाही."

दलसिंग मधे आला. त्याने मोबाईलवर तळहात ठेवला, जोर न लावता. दलसिंग गजराबाईला म्हणाला, "माय, मी घाई करी. गाठ एकच मारी व्हती."

एका वर्षाने त्याने उत्तर दिलं होतं.

तिने ऐकून घेतलं. रागावली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. म्हणाली, "गाठ एक काय नि दहा काय. देखनारा लोके देखीच लेतस." मग रंजिताचा हात धरून एसटी स्टँडकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दलसिंग चारला उठला, दोर चाचपला, उतरला. पुढचा महिना त्याने एकही खाडा केला नाही. कमलीबाई वर पाट्या ओतत होती, तिनेही नाही. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो एकटाच नंदुरबारला जाऊन यायचा. कशाला, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात पलीकडच्या शिवारातली छबूबाई बुडाली. म्हातारी, डोळ्यांनी कमी. पोलीस पाटील आमच्याकडे आला. उखा गळ आणायला उठला.

"थांब," दलसिंग म्हणाला.

तो झोपडीत गेला. कमलीबाई आणि तो, दोघांनी मिळून एक मोठं ओझं बाहेर आणलं. आम्ही ट्रॅक्टरवर टाकलं. विहिरीवर पोचलो तेव्हा दीडदोनशे माणूस जमलं होतं. दलसिंग कुणाशी बोलला नाही. बांबू रोवले, चाळीस मिनिटं लागली. त्यातला एक हलत होता, तो उपटून पुन्हा रोवला. बांबूंना हिरवं कापड गुंडाळत गेला, विहिरीच्या चहूकडून, यारीसकट. आत फक्त मी, पोलीस पाटील आणि छबूबाईचा मुलगा.

बाहेरून भाग्येश म्हणाला, "दलसिंगभाऊ, हाई काय लावं?"

"कनात."

"आन् लोके काय देखतीन?"

दलसिंग स्वतःला दोर बांधत होता. "देखाना काय शे? नाव आयका."

मुलाने नाव सांगितलं. मी दोर सोडला.

कनातीच्या वरून काही हात आले, मोबाईल धरलेले. तिथून विहिरीचा तळ दिसत नाही. थोड्या वेळाने हात खाली गेले. बाहेरचं बोलणं कमी झालं, मग बंदच झालं. ऊन होतं, वारा नव्हता. यारीचं इंजिन मी अजून सुरू केलं नव्हतं. मग पायाखालून, जमिनीच्या आतून, आवाज आला. "छबूबाई." थांबून पुन्हा एकदा. नंतर डोंगरातल्या बोलीतले चार शब्द, तिथल्या कुणालाच न कळणारे. बाहेर दोनशे माणसं उभी होती आणि एकही पाय हलल्याचा आवाज आला नाही. छबूबाईचा मुलगा जमिनीवर बसला.

ती वर आली तेव्हा फडकं घट्ट होतं. मी मागून बघितलं. दोन गाठी.

भाग्येशने त्या दिवशीही बातमी सोडली. अकरा मिनिटं नुसतं हिरवं कापड दिसतं. ते हलतही नाही. सातव्या मिनिटाला खालून कुणीतरी नाव घेतं. ती बातमी चार हजार लोकांनी बघितली. उखा सांगतो, त्याच्या घरी ती लावली तर म्हातारी माणसं दार लावून घेतात, दारावरून तिरडी जाताना लावतात तसं.

कनातीचं मला कमलीबाईने सांगितलं, सामान बांधून डोंगरात परत जायच्या दिवशी. यंदा घरावर पत्रे टाकायचे ठरले होते, दोन पावसाळे छप्पर गळत होतं. दलसिंग आधी नंदुरबारच्या मंडपवाल्याकडे गेला होता. त्याने लग्नातली कनात दाखवली. दलसिंगने ती उन्हासमोर धरली, पलीकडे आपला हात धरला. हात दिसला. परत दिली. मग जाड कापडाचं दुकान शोधलं, शंभर फूट घेतलं, शिंप्याकडून दोन्ही कडांना दुहेरी शिलाई मारून घेतली, वर बारा बांबू. होळीपासूनची दोघांची मजुरी त्यात गेली.