औषधाचा गुण

"आता कसं वाटतंय?" डॉक्टरांनी मला विचारलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यानं उत्तर दिलं, "खूप फरक आहे. रडणं थांबलंय, डबाही वेळेवर होतो." डॉक्टरांनी ते तसंच्या तसं केसपेपरवर उतरवलं.

नैराश्यावरची गोळी सुरू करून तीन महिने झाले. रडणं थांबलं हे खरंच. पण परवा बहिणीला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा मी 'छान' म्हणाले आणि कुकर लावायला वळले. रडण्याबरोबर आनंदही गेला होता. औषधाचा गुण नेमका मला आला की घराला, हे कुणाला विचारायचं?

मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टर म्हणाले, "हीच गोळी चालू ठेवा," तेही नवऱ्याकडे बघून. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, तो आला नाही.