साडूंचा हिवाळा

आखाती देशात नोकरीला येऊन थंडीने हैराण झालेला जगातला एकमेव माणूस म्हणजे माझे साडू, असं मी म्हटलं तर त्या काळी बहरीनमध्ये राहिलेली मंडळी मला खोटं पाडणार नाहीत. उलट 'जगातला' कशाला, 'विश्वातला' म्हणा, अशी दुरुस्ती सुचवतील. बाकी सगळे उन्हाळ्याच्या नावाने बोटं मोडायचे, तेव्हा हे गृहस्थ ऐन ऑगस्टात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, काखेत स्वेटर मारून मनामाच्या बाजारातून हिंडायचे. वाटेत एखाद्या गारठलेल्या बँकेत शिरावं लागलं तर? माणूस चंद्रपूरचा. तिथल्या मे महिन्यात ज्याचं बालपण भाजून निघालं, त्याला उरलेलं जग कच्चंच वाटणार. त्यात गंमत अशी की त्यांचा पेशा एअर कंडिशनिंगचा. अर्ध्या मनामाला गारठवण्याचा पगार घ्यायचा आणि घरी येऊन कान बांधून बसायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. एखाद्या ऑफिसात एसी दुरुस्त झाला की लोक खूश व्हायचे आणि साडू सुतकी चेहऱ्याने जिना उतरायचे. "चालू केला एकदाचा," असं ते मला सांगत, पण असं की जणू कुणाचं तरी वाईट करून आलेत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस होतो. माझी बायको आणि साडूंची बायको सख्ख्या बहिणी, आणि आमची बिऱ्हाडं मनामाच्या गुदैबिया भागात एकाच गल्लीत. मी पुण्याचा असल्यामुळे बहरीनच्या जानेवारीला 'छान हवा पडलीय' यापलीकडे काही म्हणायला तयार नसे. पण खरं सांगायचं तर त्या हवेत एक खोडी होती. थंडी बेताची, ओल मात्र फार. समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटला की तळमजल्याच्या घरांच्या भिंती घामेजायच्या आणि पलंगावरच्या चादरी दमट लागायच्या. साडू थंडीची तक्रार बारा महिने करत, त्यामुळे ती कुणी मनावर घेत नसे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, कधीच तक्रार करत नसत. त्यांना संधिवात होता. एका हिवाळ्याच्या अखेरीला, भिंत धरून स्वयंपाकघरातून बाहेर येताना, त्या शांतपणे म्हणाल्या, "आता अजून एक हिवाळा पाहतो. नाही सोसवलं तर मी चंद्रपूरले जातो, अन् तिथंच राहतो." विदर्भातल्या बायका 'जाते' न म्हणता 'जातो' म्हणतात. आम्हा पुणेकरांना ते ऐकताना वाक्य आहे त्याहून ठाम वाटतं. पण या खेपेला ते होतंच तितकं ठाम.

त्यांना मूलबाळ नव्हतं. ताई गेल्या तर साडू त्या घरात एकटे, आणि नोकरीची कितीतरी वर्षं अजून बाकी. 'तू जाऊ नकोस' एवढे तीन शब्द माझ्या साडूंना जमले असते तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. पण त्यांच्या घराण्यात नवऱ्याने बायकोला असलं काही बोलायची रीत नसावी. त्यांनी त्याऐवजी एक गाडी विकत घेतली.

कुणा अमेरिकन साहेबाने त्यांना सांगितलं होतं की त्याच्याकडे म्हातारी जोडपी घरासारखी गाडी घेतात आणि हिवाळा आला की दक्षिणेला, ऊबदार गावी जाऊन मुक्काम ठोकतात. साडूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "साडभाऊ, घर एका जागी उभं राहते म्हणूनच थंड पडते," ते मला समजावू लागले. "गाय पाहा. ऊन सरकलं का उठते अन् दुसरीकडे बसते. आपणच येडे, भिंती बांधून बसलो." अमेरिकेची दक्षिण हजार मैलांवर असते, आमच्या बेटाची दक्षिण चहाचं आधण ठेवून निघालं तर उकळी फुटायच्या आत यायची आणि लगेच समुद्रात संपायची, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं. त्यावर ते म्हणाले, "मंग शोधाले सोपं."

गाडी म्हणजे एका लाँड्रीची जुनी व्हॅन होती. तिला कायमचा खळीचा वास यायचा. तुबलीतल्या एका गॅरेजात साडूंनी तिच्यात पलंग बसवला, स्टोव्हसाठी ओटा केला, आणि मागच्या बाजूला खिडकीचा एसी लावला. गॅरेजवाला पठाण बराच वेळ त्या एसीकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साब, उल्टा लग गया." साडू म्हणाले, "उल्टाच पाहिजे." एसी पुढून गार आणि मागून गरम हवा फेकतो, ज्यांना अक्कल नाही ते पुढे बसतात, असं त्यांचं म्हणणं. यंत्र सुरू झालं, गॅरेजच्या आवारात गार वारा सुटला आणि व्हॅनच्या आत भट्टी पेटली. साडूंना इतकं समाधानी मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग जागेचा शोध सुरू झाला. जागा ऊबदार आहे की नाही हे ठरवायला या इंजिनिअर माणसाने कुठलंही उपकरण वापरलं नाही. खोबरेल तेलाची बाटली वापरली. बाटली गाडीत पुढे काचेपाशी ठेवायची, रात्र काढायची, सकाळी तेल पातळ असेल तर जागा पास, गोठलं तर नापास. "आपल्या घरी हिवाळा कॅलेंडर पाहून येत होता का? तेल गोठलं का आला हिवाळा," ते मला सुनावत. पहिला मान गुदैबियातल्या एका इराणी बेकरीला मिळाला. भट्टीच्या भिंतीला व्हॅनची पाठ टेकवून उभी केली. तेल पातळ राहिलं, ताईंना झोपही लागली. पण पहाटे खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी व्हॅनची खिडकी हीच बेकरीची खिडकी समजून आत हात घालायला सुरुवात केली. "खुब्ज मफी!", रोटी नाही, असं ओरडत साडूंनी दोन-चार दिवस रेटले आणि मग बस्तान हलवलं. दुसरी जागा तुबलीच्या खाडीकाठी. तिथे वारा अडायचा, पण खाडीचा वास अडत नसे, आणि ओल तर घराहून जास्त. ताईंचे गुडघे सुजले. तेव्हा एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, की चंद्रपूरच्या घराला चुना मारून घ्यायला भावाला सांगितलंय.

साडू घाबरले. त्यांनी आपल्या बहरिनी सुपरवायझरला गाठलं आणि विचारलं, "शेख, ठंडी में तुम लोग किधर जाता?" सुपरवायझर म्हणाला, "बर्र." साडू म्हणाले, "हां, बरं. लेकिन किधर?" तो म्हणाला, "बर्र!" संध्याकाळी साडू आमच्याकडे कौतुकाने सांगत आले, "आमचा सुपरवायझर मराठी शिकला ना जी. काहीही विचारा, बरं म्हणते. पण जागा काही सांगत नाही." हा संवाद आठवडाभर चालला. साडू विचारायचे, तो 'बर्र' म्हणायचा, साडू 'बरं' म्हणायचे, आणि दोघांनाही समोरचा ठार बहिरा वाटायचा. शेवटी सुपरवायझरने त्यांचा दंड धरून त्यांना गच्चीवर नेलं, दक्षिणेकडे हात केला आणि हिंदीत म्हणाला, "बर्र! रेती! तंबू! हमारा पूरा फॅमिली उधर. तुम भी आओ, यल्ला." बर्र म्हणजे वाळवंट. हिवाळ्यात सगळा गाव साखीरच्या मोकळ्या माळावर तंबू ठोकून राहतो, हे आम्हाला इतकी वर्षं बहरीनमध्ये काढूनही ठाऊक नव्हतं. आम्ही रजा मिळाली की इंडिया गाठणारी माणसं.

व्हॅन सुपरवायझरच्या तंबूशेजारी लागली. तिच्या अंगावरची 'लाँड्री' ही अरबी अक्षरं साडूंनी कधी पुसली नव्हती, त्यामुळे पहिल्याच सकाळी आजूबाजूच्या तंबूंतून मळक्या कपड्यांची गाठोडी येऊन पडली. ती अक्षरं खोडून झाल्यावर त्याच लोकांकडून कॉफी आणि खजूर येऊ लागले. उलट्या एसीचा मात्र निकाल लागला. तो चालवायला आणलेला जनरेटर इतका धडधडायचा की सुपरवायझरच्या आईने निरोप पाठवला, "खलास." तो बंद झाला तो कायमचा.

एका शुक्रवारी सकाळीच मी तिथे गेलो. पाहतो तो ताई वाळूतून चालत येत होत्या. हातात भाकरीचं ताट होतं, आणि धरायला भिंत नव्हती. वाळवंटाची हवा कोरडी, ठणठणीत. गुडघ्यांना ओलच नाही. साडू व्हॅनमध्ये दोन रजया पांघरून बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते. कारण वाळवंटात रात्रीचा गारवा गुदैबियाहून कितीतरी कडक, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेलाची बाटली पांढरी फटक पडली होती. "कशी ऊब आहे ना, साडभाऊ?" साडू म्हणाले. मी म्हटलं, आहे. मग ते पाणी आणायला सुपरवायझरच्या तंबूकडे गेले.

ते लांब गेल्यावर ताई म्हणाल्या, "ऊब म्हणे. मले काय समजत नाही? रातभर उठून उठून माझं पांघरूण पाहतात, अन् स्वतः कुडकुडत बसतात. जन्मात ज्याले हिव सोसलं नाही, तो माणूस माझ्यासाठी इथं येऊन राह्यला. त्याले एकट्याले टाकून मी तिकडे ऊन खात बसू काय?" मग त्यांनी भाकरी मोडून माझ्या ताटात वाढली. "चुना मारू नको म्हणून भावाले सांगून टाकलं कालच."

मी विचारलं, "साडूंना सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "विचारतील तेव्हा सांगीन."

साडूंनी कधीच विचारलं नाही. विचारलं तर ती 'जातो' म्हणेल, ही धास्ती त्यांना शेवटपर्यंत राहिली. ताई त्यानंतर नोकरी संपेपर्यंत त्यांच्याबरोबर राहिल्या, आणि दर नोव्हेंबरात साडू माझ्याकडे यायचे, आवाज खाली आणून म्हणायचे, "यंदा अजून जरा चांगली जागा पाहू जी. नाहीतर जाईल ते चंद्रपूरले." मग आम्ही दोघं गाडी काढून माळावर हिंडायचो. साडू उतरून तळहाताने वाळू चाचपायचे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे, मान हलवून पुढे निघायचे. खरं काय ते सांगून टाकणं मला सहज शक्य होतं. पण ते इतकं मन लावून शोधत असायचे की मी नुसता गाडी चालवत राहायचो.